व्हेपवरचे आकडे काय सांगतात? ओहम, व्होल्ट आणि जळालेल्या कापसाचा हिशेब

गेल्या ईदला मोठ्या आपाचा मुलगा शारजाहून सुट्टीवर आला होता. रात्री जेवणं आटोपल्यावर मी गच्चीवर गेलो, तर आधी स्ट्रॉबेरीसारखा गोड वास आला आणि त्याच्या मागोमाग कापूस जळाल्यासारखा. साहेब टाकीच्या आडोशाला उभे. हातात जाड पेनासारखी नळी.

"मामू, अब्बांना नका सांगू," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य मात्र मला विचारात पाडणारं होतं. "तुम्ही सायन्स शिकवता ना, मग सांगा, ह्याची कॉइल दर दोन दिवसांनी का जळते? आधीची दोन-तीन आठवडे चालायची. दुकानदार म्हणाला व्होल्टेज वाढव. वाढवलं, तर आणखी लवकर जळते."

आधी रागावलो. मामू आहे, रागावणं भागच होतं. मग वही काढली. ह्या पोरासारखी कितीतरी मुलं आपल्या घरांतून आखातात जातात, तिथे कंपनीच्या खोलीत सिगारेट सोडायची म्हणून हे यंत्र हातात घेतात, आणि त्यावरच्या आकड्यांचा अर्थ त्यांना कोणीच सांगत नाही. इकडे आई-वडिलांना तर ही वस्तू ओळखूही येत नाही. हा लेख व्हेप कसं ओढावं हे शिकवायला लिहिलेला नाही. भारतात ते कायद्याने बंद आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण घरात शिरलेली वस्तू काय आहे ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

यंत्र उघडून पाहिलं तर आत फार काही नसतं. एक लिथियमची बॅटरी, बटण, छोटं सर्किट, वर रसाची टाकी आणि टाकीच्या तळाशी कॉइल. कॉइल म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्याच्या आत किंवा भोवती कापूस. टाकीतला रस कापूस शोषून घेतो, बटण दाबलं की तार तापते, रसाची वाफ होते, ती माणूस ओढतो. रस म्हणजे ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ह्यांचं मिश्रण, त्यात वासाचं द्रव्य आणि बहुतेक वेळा निकोटीन.

आपल्या घरातला पाणी तापवायचा रॉड आठवा. रॉड बादलीत बुडालेला असतो तोवर सगळी उष्णता पाणी घेतं, रॉड शाबूत राहतो. तोच रॉड बादलीबाहेर काढून चालू ठेवला तर काही मिनिटांत लाल होतो आणि निकामी होतो. कॉइलचंही अगदी तसंच आहे. कापूस ओला आहे तोवर तारेची उष्णता वाफ बनवण्यात खर्च होते आणि तापमान एका हद्दीत राहतं. प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण 188 अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन 290 ला. पण रस जितक्या वेगाने कापसात येतो त्यापेक्षा जास्त वेगाने तार त्याची वाफ करू लागली, तर कापूस कोरडा पडतो. मग तापमानाला धरबंध राहत नाही आणि कापूसच करपतो. त्या करपलेल्या घोटाला ओढणारी मंडळी 'ड्राय हिट' म्हणतात. गच्चीवर मला आलेला वास तोच.

आता प्रश्न असा, की तार किती तापणार हे ठरवतं कोण? इथे नववीच्या पुस्तकातला धाराविद्युत हा धडा कामाला येतो. मराठी माध्यमात ज्याला रोध म्हणतात त्याला आम्ही उर्दू माध्यमात मुज़ाहमत म्हणतो. मोजायचं एकक दोन्हीकडे ओहमच. विभवांतराला, म्हणजे व्होल्टेजला, रोधाने भागलं की विद्युतधारा मिळते. आणि व्होल्टेजचा वर्ग करून त्याला रोधाने भागलं की शक्ती मिळते, वॉटमध्ये. तार किती उष्णता देणार हे ह्या वॉटवर ठरतं.

ह्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या मुलांना दरवर्षी चकवतात, आणि माझ्या भाच्यालाही त्यांनीच चकवलं.

पहिली गोष्ट. रोध कमी म्हणजे ताप कमी, असं वाटतं. शब्दच तसा आहे, रोध म्हणजे अडवणं, मग जास्त अडवलं तर जास्त तापेल असं मन म्हणतं. पण व्होल्टेज तेच ठेवलं तर उलट होतं. घरातला 40 वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि 1000 वॉटचा रॉड दोन्ही 230 व्होल्टवरच चालतात. चालू असताना बल्बच्या तारेचा रोध 1300 ओहमच्या वर असतो, रॉडचा जेमतेम 53 ओहम. कमी रोधातून जास्त धारा वाहते, म्हणून रॉड पाणी उकळवतो आणि बल्ब नुसता उजेड देतो.

दुसरी गोष्ट त्या वर्गाची. व्होल्टेज दुप्पट केलं तर शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. भाच्याच्या पेनाला तळाशी फिरवायची चकती होती, 3.3 पासून 4.8 व्होल्टपर्यंत. वरवर पाहता फरक दीड व्होल्टचा. पण कॉइल तीच ठेवून चकती ह्या टोकापासून त्या टोकाला नेली, तर शक्ती दुपटीहून जास्त होते.

मग त्याचा हिशेब मांडला. हे पेन त्याला खोलीतल्या जुन्या साथीदाराकडून मिळालं होतं. त्याबरोबर आलेल्या कॉइलवर 1.8 ओहम असं कोरलेलं. तो चकती 4 व्होल्टवर ठेवायचा. चारचा वर्ग सोळा, भागिले 1.8, म्हणजे सुमारे 8.9 वॉट. त्यावर सगळं ठीक चाललं होतं. त्या कॉइल संपल्या. दुकानात गेला, तर त्याच टाकीत बसणाऱ्या 1.2 ओहमच्या कॉइल मिळाल्या. आटे जुळतात, बसते, म्हणजे चालेल, असं दोघांनी मानलं. आता त्याच 4 व्होल्टवर सोळा भागिले 1.2, म्हणजे 13.3 वॉट. त्याने बाकी काहीच बदललं नव्हतं, तरी तारेला दीडपट ताप. कापूस करपू लागला, चव बिघडली, म्हणून तो तक्रार घेऊन गेला. तिथे सल्ला मिळाला, व्होल्टेज वाढव. 4.8 चा वर्ग 23 च्या आसपास, भागिले 1.2, म्हणजे 19.2 वॉट. आठ-नऊ वॉटची सवय असलेल्या टाकीत एकोणीस वॉट.

"मग किती ठेवायला हवं होतं?" त्याने विचारलं. हेही वहीतच मिळालं. नऊ वॉटच्या आसपास राहायचं तर 1.2 ओहमला 3.3 व्होल्ट पुरे. म्हणजे चकती सगळ्यात खाली. ओहम कमी झालं की व्होल्ट खाली आणायचे असतात. त्याने वर नेले. दुकानदाराला हे माहीत नसावं, की माहीत असूनही कॉइल खपवायच्या होत्या, ते तो जाणे.

इथे एक पोटकलम आहे, नाहीतर कोणी म्हणेल मास्तरने अर्धवट सांगितलं. कमी ओहमची प्रत्येक कॉइल कमी वॉटवरच चालवायची असं नाही. 0.5 ओहमच्या काही कॉइलना तार लांब-जाड असते, कापूस भरपूर असतो, रस यायची भोकं मोठी असतात, आणि त्या तीस-चाळीस वॉटसाठीच बनवलेल्या असतात. शिवाय काही कॉइलमध्ये दोन तारा समांतर जोडलेल्या असतात. 3.6 ओहमच्या दोन तारा समांतर जोडल्या की एकूण 1.8 ओहम भरतं, पण ताप दोघींत वाटला जातो. म्हणून नुसता ओहमचा आकडा पुरत नाही. बनवणारा कॉइलच्या अंगावर किंवा डबीवर वॉटची हद्द छापतो, खरा आधार तो. जिथे तीही छापलेली नाही, ती कॉइल कशासाठी बनली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

नंतरच्या काळात आलेली यंत्रं हा हिशेब स्वतः करतात. त्यांत व्होल्ट नाही, वॉट ठरवायचे. आतली चिप कॉइलचा रोध मोजते आणि तेवढ्या वॉटसाठी किती व्होल्ट लागतील ते पुरवते. रोध फारच कमी आढळला किंवा आतल्या आत शॉर्ट झालं तर यंत्र पडद्यावर इशारा देऊन बंद होतं. आणि हल्ली शाळकरी मुलांच्या दप्तरात सापडतात त्या रंगीत, एकदा वापरून फेकायच्या नळ्यांत तर बहुधा चकतीही नसते. कॉइल आणि बॅटरीची जोडी कारखान्यातच बसवलेली. तिथे मुलाच्या हातात ठरवण्यासारखं काही नसतं, पालकांच्या हातात वाचण्यासारखं काही नसतं. दिसायला हायलायटर पेनासारख्या. माझ्या सहकारी बाईंनी एकदा एक नळी हायलायटर समजून मुलाला परत दिली होती.

जुन्या स्वस्त पेनांची आणखी एक खोड. चकतीवरचा आकडा दर वेळी खरा नसतो. काही सर्किटं सलग व्होल्टेज न देता जोरात चालू-बंद, चालू-बंद असे ठोके देतात आणि त्यांची सरासरी आकड्याएवढी ठेवतात. पण ताप सरासरीवर नाही, वर्गावर ठरतो, हे आपण पाहिलंच. त्यामुळे चकतीवर 3.6 लिहिलेलं असताना तार त्याहून जास्त तापू शकते.

इथवरचं सगळं कॉइलच्या बाजूचं. दुसरी बाजू बॅटरीची, आणि जिवाला धोका तिथे आहे.

लिथियमचा एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट देतो, मग वापरता वापरता खाली येतो, सर्वसाधारण धरायचा तर 3.7. पेनमधून 4.8 व्होल्ट मिळतात ते सर्किट चढवून देतं म्हणून. पण ऊर्जा कुठून फुकट येत नाही. बाहेर 19.2 वॉट द्यायचे तर 3.7 व्होल्टच्या सेलमधून पाच अँपिअरहून जास्त धारा ओढावी लागते, सर्किटमध्ये वाया जाते ती वेगळी. बोटभर सेलला हे झेपतंच असं नाही. प्रत्येक सेलला सलग किती धारा द्यायची ह्याची मर्यादा असते. ती ओलांडली की सेल आतून तापतो, आणि एका हद्दीपलीकडे गेलेला लिथियम सेल स्वतःलाच तापवत जातो. मग आग, नाहीतर स्फोट.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ज्याला 'मेकॅनिकल मॉड' म्हणतात तो. धातूची नळी, आत सेल, वर कॉइल, मध्ये सर्किट नाहीच. चिप नाही, मर्यादा नाही, इशारा नाही. हौशी मंडळी ह्यावर स्वतः तार गुंडाळून 0.15 ओहमच्या कॉइल लावतात, दाट धुरासाठी. भरलेल्या सेलचे 4.2 व्होल्ट भागिले 0.15, म्हणजे 28 अँपिअर. ह्या यंत्रांत वापरतात ते 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब सेल, त्यातल्या चांगल्या-चांगल्यांची मर्यादा वीस अँपिअरच्या आसपास असते. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं आवरण चढवलेल्या सेलची तर त्याहून बरीच कमी. आणि काहीजण दोन सेल एकापुढे एक लावतात, म्हणजे 8.4 व्होल्ट. व्होल्ट दुप्पट, ताप चौपट.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2017 मध्ये एक अहवाल काढला. 2009 ते 2016 ह्या काळात तिथल्या बातम्यांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोट मोजले, तर 195 घटना निघाल्या, 133 जणांना इजा. त्या काळात मृत्यू नव्हता. मे 2018 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये 38 वर्षांच्या माणसाचा यंत्राच्या स्फोटात मृत्यू झाला. जानेवारी 2019 मध्ये टेक्सासमध्ये 24 वर्षांचा तरुण गेला, फुटलेल्या नळीचा तुकडा मानेतली रक्तवाहिनी कापून गेला. खिशात सुटे सेल किल्ल्यांबरोबर, नाण्यांबरोबर ठेवणं हाही असाच घात. किल्ली सेलच्या दोन टोकांना टेकली की रोध जवळजवळ शून्य. शून्याच्या जवळच्या संख्येने भागून पाहा, धारा किती होते.

आता आरोग्याचं. व्होल्टेजचा आणि आरोग्याचा थेट संबंध आहे. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल फार तापले की फुटतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड असे वायू निघतात. फॉर्मल्डिहाइड आपल्याला ओळखीचं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात ठेवतात ते फॉर्मलिन म्हणजे त्याचंच पाण्यातलं द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारं ठरवलेलं आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्होल्टेज 3.2 वरून 4.8 वर नेल्यावर अशा वायूंचं प्रमाण चौपटीपासून दोनशे पटींहून जास्त वाढलेलं आढळलं. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पत्र लिहिलं, की 3.3 व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्यं आढळली नाहीत, 5 व्होल्टला आढळली.

ह्या पत्रावर वाद झाला आणि तो वाद आपल्या विषयाचा गाभाच आहे. ग्रीसमधले संशोधक कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस ह्यांनी त्याच वर्षी दाखवलं, की इतकं फॉर्मल्डिहाइड निघतं ते कापूस कोरडा पडल्यावर, आणि त्या वेळी चव इतकी घाणेरडी होते की सवयीचा माणूस घोट थुंकून देतो. म्हणून त्यांचं म्हणणं, त्या कॉइलला न झेपणाऱ्या व्होल्टेजवर केलेली मोजणी रोजच्या वापराला लागू करू नका. बरोबर आहे, पण अर्धंच. सवयीचा माणूस थुंकतो. नवशिका, पंधरा वर्षांचा पोरगा, मित्रांसमोर खोकला दाबून ओढणारा, तो थुंकेल का? आणि माझा भाचा तर दोन-दोन दिवस करपलेल्या कॉइलवर ओढत होता, कारण नवी आणायला पगार व्हायचा होता.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. व्होल्ट आणि ओहम अचूक जुळवले म्हणजे वस्तू निर्धोक झाली असं नाही. करपणं टळतं, सेलवरचा ताण टळतो. निकोटीन मात्र तसंच राहतं, आणि सवय त्याची लागते. वाढत्या वयाच्या मेंदूला तर ती लवकर लागते आणि घट्ट बसते.

आता कायदा. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संयुक्त अरब अमिरातीत मात्र 2019 पासून ह्याची विक्री नियमांनुसार चालते. आपली मुलं चुकतात ती इथे. तिकडे दुकानात उघड मिळतं, बिल मिळतं, म्हणून इकडे बॅगेत टाकून आणतात. भाच्याला वाटत होतं बंदी फक्त विकण्यावर आहे. मुंबई विमानतळावर त्याची बॅग उघडली असती तर ती आयात ठरली असती, आणि परत नेतानाही तो सुटला नसता, कारण निर्यातही बंदीत आहे. चुलत्याच्या मुलासाठी 'एक एक्स्ट्रा घेऊन ये' म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

बंदीचा एक परिणाम असाही झाला, की इथे जे चोरून मिळतं त्यावर कोणाची नजर नाही. सेल कुठला, कॉइल कुठली, रसात निकोटीन किती, डबीवरचा आकडा खरा का, विचारायची सोय नाही. विकणारा पावती देत नाही, तो सल्ला काय देणार?

त्या रात्री बारा वाजेपर्यंत आमची वही चालली. दुसऱ्या दिवशी आपाला मीच सांगितलं, भाच्याला समोर बसवून. ती रडली, मग ओरडली, मग म्हणाली, "सिगारेट पीत होतास हेच मला माहीत नव्हतं, तर हे सोडायचं कुठून सुरू करू?" अब्बांना सांगायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, सांगितलंही. पेन शारजाला परत गेलं नाही. सेल कचऱ्याच्या गाडीत टाकायचा नसतो, दाबला गेला की पेट घेतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो आम्ही जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्यांबरोबर ई-कचऱ्यात दिला. रस त्याने भुशात ओतून बांधून टाकला, हातमोजे घालून, कारण निकोटीन कातडीतूनही आत शिरतं.

जाण्यापूर्वी त्याने औषधाच्या दुकानातून 2 मिलिग्रॅमची निकोटीन च्युइंगम घेतली. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, 1800-11-2356, तिथे तीनदा बोलला, इथे असताना. पहिल्या वेळी मी शेजारी बसलो होतो. पलीकडून त्याला विचारलं, दिवसातला पहिला झुरका उठल्यावर किती वेळाने घेता? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाच मिनिटांत."